पाण्यातून काढले, ठेवले कुठे?

प्रति,
औद्योगिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आखणारे, उभारणारे आणि चालवणारे सर्व अभियंते, केमिस्ट व सल्लागार यांस



हे पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहा, असे मला अनेकांनी सुचवले. मंडळाला पत्रे लिहिणारे पुष्कळ आहेत, कारखानदारांना शिव्या घालणारे त्याहून जास्त. तुम्हाला मात्र कोणी लिहीत नाही. खाडीत मासे मेले की बातमीत कारखान्याचे नाव येते, अधिकाऱ्याचा खुलासा येतो, पुढाऱ्याचा इशारा येतो. ज्याने ते प्रक्रिया केंद्र कागदावर आखले, त्याचा उल्लेख कुठेच नसतो. तुम्ही अस्तित्वात आहात हेच लोकांना ठाऊक नाही. मला आहे. मी कोकणातल्या एका महाविद्यालयात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले आणि माझे कितीतरी विद्यार्थी आज एमआयडीसीत ईटीपीच्या शिफ्टला उभे असतात. तेव्हा जे बोलायचे ते तुमच्याशीच बोलावे म्हटले.

विषय चिवट सेंद्रिय प्रदूषकांचा. तुमच्या बोलण्यात ती 'पॉप्स' असतात. २००१ साली स्टॉकहोम करार झाला तेव्हा यादीत बारा नावे होती: डीडीटी, पीसीबी, डायऑक्सिन वगैरे जुनी मंडळी. पुढे यादी वाढत गेली. २००९ मध्ये पीएफओएस आले, २०१९ मध्ये पीएफओए, २०२२ मध्ये पीएफएचएक्सएस. ही तिन्ही पीएफएएस नावाच्या मोठ्या कुळातली. तव्यावरचा न चिकटणारा थर, पाणी न शोषणारे कापड, तेलाची आग विझवणारा फेस या सगळ्यांमागे हे कूळ आहे. भारताने २००६ मध्ये करार मान्य केला, पण यादीतली प्रत्येक नवी भर आपण वेगळी मान्य केली तरच ती आपल्याला लागू, अशी वाट ठेवून. २०१८ च्या नियमांनी आपण सात रसायनांवर बंदी घातली. त्या सातांत पीएफओएस नाही आणि पीएफओएही नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या २०१२ च्या मानकात पीसीबीला मर्यादा आहे, पीएफएएसचे नावही नाही. कायदा तुम्हाला याबद्दल फारसे विचारत नाही. म्हणून मी विचारतो आहे.

सुरुवात सीओडीपासून करू. तुमचा कोणताही प्रकल्प अहवाल उघडला की पहिल्या दोन-चार पानांत तोच तक्ता भेटतो: पीएच, बीओडी, सीओडी, सस्पेंडेड सॉलिड्स, टीडीएस, तेल-ग्रीस. आत येताना सीओडी काही हजार, बाहेर पडताना २५० मिलिग्रॅमच्या आत, बीओडी ३० च्या आत. झाले, पाणी 'पास'. आता सीओडी म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगावे असे नाही, तरी सांगतो. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात डायक्रोमेटबरोबर दोन तास उकळायचा आणि ऑक्सिडीकरणात किती डायक्रोमेट खर्ची पडले ते पाहायचे. जे जळले तेच मोजले गेले. पूर्णपणे फ्लोरिनने वेढलेला पीएफओएचा रेणू त्या उकळत्या आम्लातूनही जवळजवळ धडधाकट बाहेर येतो. म्हणजे ज्या चाचणीवर तुमचा सगळा आराखडा उभा आहे, तिला हा रेणू दिसतच नाही.

आणि दिसला असता तरी काय झाले असते? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएससाठी प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा घातली. सीओडीचे २५० मिलिग्रॅम म्हणजे २५ कोटी नॅनोग्रॅम. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पंचवीस कोटी! सीओडी २५० चा २४० झाला म्हणून आनंद मानणाऱ्या अहवालात हे चार नॅनोग्रॅम कुठे शोधायचे? उलट बाजूने हिशेब करा: एक ग्रॅम पीएफओए २५ कोटी लिटर स्वच्छ पाण्याला त्या मर्यादेपर्यंत आणून ठेवते. सांडपाण्याला पिण्याच्या पाण्याची मर्यादा लावा असे मी म्हणत नाही. पण नाला नदीला मिळतो आणि त्याच नदीवर खाली कुठेतरी नळयोजनेची जॅकवेल असते, एवढे तरी ध्यानात घ्या.

तर माझी पहिली विनंती अशी की सीओडीच्या शेजारी रेणूंची नावे लिहा. कारखान्यात कच्चा माल कोणता येतो, मधल्या टप्प्यावर काय तयार होते, रिॲक्टर धुताना काय वाहून येते, हे विचारल्याशिवाय टाकीचे माप काढू नका. मोजण्याची साधने नाहीत हे उत्तर आता चालणार नाही. ४० पीएफएएस संयुगे मोजणारी अमेरिकेची १६३३ क्रमांकाची पद्धत जानेवारी २०२४ मध्ये पक्की झाली. सगळी संयुगे नावानिशी शोधता येत नसतील तर सेंद्रिय फ्लोरिन एकत्र मोजण्याचीही पद्धत आहे. खर्च येतो, मान्य. पण एवढ्या कोटींच्या प्रकल्पात नमुने तपासायलाच पैसे कमी पडावेत, हे काही पटत नाही.

दुसरी गोष्ट एरेशन टाकीची. तिच्यावर तुमचा भारी विश्वास. जिवाणू खातात, हवा देत राहा, टाकीतल्या जैविक गाळाचे प्रमाण (एमएलएसएस) सांभाळा. फिनॉल, अल्कोहोल, ॲसिटेट यांच्या बाबतीत हा विश्वास खरा ठरतो. पीएफएएसच्या बाबतीत टाकीत भलतेच घडते. या कुळात काही रेणू अर्धे फ्लोरिनचे आणि अर्धे साध्या हायड्रोकार्बनचे असतात. जिवाणू त्यातला साधा अर्धा कुरतडतात आणि फ्लोरिनचा अर्धा सोडून देतात. उरलेला तुकडा म्हणजे पीएफओएसारखे पूर्ण पक्के आम्ल, ज्याला पुढे कोणीच तोडत नाही. जगभरच्या सांडपाणी केंद्रांत हे दिसले आहे: बाहेर पडणाऱ्या पाण्यात या आम्लांचे प्रमाण आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त. प्रक्रियेने प्रदूषक वाढवले! इन्लेटला मोजले असते तर फारसे काही सापडले नसते आणि आउटलेटला मोजलेच नाही.

आता जाहिरातींकडे येतो, कारण इथे माझा राग खरा आहे. 'ॲडव्हान्स्ड ऑक्सिडेशन' नावाचे चकचकीत माहितीपत्रक कुठल्याही प्रदर्शनात हातात पडते. फेंटन, ओझोन, यूव्ही-पेरॉक्साइड. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते की कोणतेही चिवट सेंद्रिय द्रव्य नष्ट होते. कोणतेही? फेंटनची प्रक्रिया १८९४ पासून माहीत आहे. फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, पीएच तीनच्या आसपास, आणि तयार होतो हायड्रॉक्सिल रॅडिकल. हा रॅडिकल भयंकर भुकेला असतो, पण त्याची खायची रीत ठरलेली आहे: रेणूतला हायड्रोजन ओढून घ्यायचा किंवा दुहेरी बंधाला चिकटायचे. क्लोरोफिनॉल, कीटकनाशकांचे अवशेष, रंगद्रव्ये यांच्यावर त्याची मात्रा चांगली चालते. पीएफओएच्या साखळीत मात्र ओढायला हायड्रोजनच नाही, सगळीकडे फ्लोरिन. रॅडिकल येतो आणि हात हलवत परत जातो. हे अकरावी-बारावीच्या पुस्तकातून समजण्याइतके सोपे आहे. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाने ते समजून घेऊनही गिऱ्हाइकाला 'सर, एओपी लावू, सगळे जाईल' असे सांगावे, याचे वाईट वाटते.

शिवाय रासायनिक कारखान्याच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असते. ते रॅडिकल आधी गिळते आणि कधीकधी नवी क्लोरिनयुक्त संयुगेही घडवते. फेंटनचा लोहयुक्त गाळ उरतो तो वेगळाच. त्यात काय अडकले आहे ते कोण पाहतो?

या गाळापासून माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो.

ॲक्टिव्हेटेड कार्बन लावला की पीएफओए त्यावर बसते. चांगली गोष्ट. आयन एक्स्चेंजच्या रेझिनवर बसते. तीही चांगली. आरओच्या पडद्याआड अडते, फेसाबरोबर वर येते. हे सगळे उपाय काम करतात आणि मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. पण यातला एकही उपाय रेणू तोडत नाही. पिंजऱ्यात उंदीर पकडून शेजाऱ्याच्या अंगणात सोडावा, तसे आपण करतो आहोत. आरओने ७५ टक्के पाणी शुद्ध मिळाले की उरलेल्या २५ टक्क्यांत प्रदूषक चौपट घट्ट झालेले असते. त्या रिजेक्टचे पुढे काय? बहुटप्पी बाष्पकात (एमईई) आटवले, ड्रायरमध्ये सुकवले, मीठ झाले. मीठ पोत्यात भरून घातक कचऱ्याच्या भूभरावात गेले. भूभरावातून पावसाळ्यात लिचेट निघते आणि ते पुन्हा प्रक्रियेला येते. 'झिरो लिक्विड डिस्चार्ज'चे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आणि रेणू तसाच्या तसा फिरतो आहे.

कार्बनचे तर विचारूच नका. लांब साखळीचे रेणू कार्बन धरून ठेवतो. पीएफबीएसारखे आखूड साखळीचे रेणू तो लवकर सोडतो, कारण ते पाण्यातच जास्त रमतात. कार्बन कधी बदलायचा हे सीओडी वाढला की ठरवले जाते, आणि आखूड रेणू त्याच्या कितीतरी आधी आरपार गेलेले असतात. वापरलेला कार्बन कुठे जातो, हा प्रश्न मी कारखान्यांच्या भेटींत विचारत आलो. 'व्हेंडर घेऊन जातो सर' हे ठरलेले उत्तर. व्हेंडर कुठे नेतो? भट्टीत तापवून पुन्हा विकत असेल तर त्या भट्टीचे तापमान किती, धुरावर स्क्रबर आहे का, हे ज्याने तो कार्बन आराखड्यात घातला त्याला माहीत असायला नको?

तोडण्याच्या वाटा आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा बरे जाणता. कार्बन-फ्लोरिनचा बंध सेंद्रिय रसायनातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक, तरी तो तुटतो. ३७४ अंश सेल्सियस आणि २२१ बारच्या वर पाणी अतिक्रांतिक होते, तिथे ऑक्सिजन दिला की हे रेणू जळतात. क्षारांनी नळ्या चोंदतात आणि धातू झिजतो, या तिथल्या अडचणी. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या इलेक्ट्रोडवर वीज देऊन ते तुटतात, मात्र पाण्यात क्लोराइड असेल तर परक्लोरेट तयार होते आणि ते थायरॉइडला घातक. अल्कली घालून दाबाखाली तापवले तरी तुटतात. भट्टीत जाळायचे तर हजार-अकराशे अंशांच्या वर, पुरेसा वेळ, आणि मागे हायड्रोफ्लोरिक आम्लाचा वायू धरणारा स्क्रबर. अर्धवट जळले तर टेट्राफ्लोरोमिथेनसारखे वायू सुटतात, जे हवेत हजारो वर्षे राहतात. क्लोरिनयुक्त कचरा जाळताना वायू सावकाश थंड केला तर २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात डायऑक्सिन नव्याने घडते, म्हणून तो झटकन थंड करावा लागतो. यातले काहीही रोजच्या एक कोटी लिटर पाण्यावर परवडणारे नाही. म्हणूनच आधी गोळा करायचे, घट्ट करायचे आणि मग त्या थोड्या घट्ट द्रावाचा निकाल लावायचा. तुमच्या आराखड्यात पहिली दोन कामे असतात. तिसरे बहुधा नसते.

तोडले हे ओळखायचे कसे, यासाठी एक साधी परीक्षा सुचवतो. पीएफओएच्या एका रेणूत फ्लोरिनचे १५ अणू असतात. रेणू खरोखर मोडला तर पंधराच्या पंधरा फ्लोराइड होऊन पाण्यात यायला हवेत. घट्ट द्रावात, मिलिग्रॅमच्या पातळीवर, हे फ्लोराइड साध्या इलेक्ट्रोडने मोजता येते. पंधराऐवजी पाचच आले तर समजा की लांब रेणूचे आखूड तुकडे झाले आहेत आणि विक्रेता '९९ टक्के पीएफओए नष्ट' असे खरे बोलूनही फसवतो आहे. पुढच्या वेळी कोणी नवी यंत्रणा दाखवायला आला की त्याच्याकडून फ्लोरिनचा ताळेबंद मागा. चहा नंतर पाजा.

आता सामाईक केंद्रांबद्दल. सगळ्या कारखान्यांचे पाणी एका टाकीत आणून मिसळायचे, ही सीईटीपीची मूळ कल्पना लहान कारखान्यांच्या सोयीची होती आणि बीओडीसाठी ती ठीक आहे. चिवट रेणूंसाठी याहून वाईट व्यवस्था सुचणे कठीण. एका कारखान्याच्या दोन हजार लिटर घट्ट द्रावात जे पकडता आले असते, ते लाखो लिटरमध्ये विरघळवून मग शोधत बसायचे.

इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात, व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो नावाचे गाव आहे. तिथे मितेनी नावाचा कारखाना १९६० च्या दशकापासून पीएफएएस बनवत होता. त्याचे सांडपाणी गावच्या प्रक्रिया केंद्रात जायचे, आणि पुढे अनेक केंद्रांचे प्रक्रिया केलेले पाणी एका लांब नळातून खाली कोलोन्या व्हेनेताजवळच्या नदीत सोडले जायचे. कारखान्याखालच्या जमिनीतून भूजलातही ते उतरले. २०१३ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अभ्यासातून हे उघड झाले. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न होता. मुलांच्या रक्तचाचण्यांचे अहवाल हातात आल्यावर आया संघटित झाल्या. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाला. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना मिळून १४१ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

ही हकीगत लांबची वाटत असेल तर ती तशी नाही. त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकली गेली आणि जहाजाने कोकणात आली, आमच्या लोटे परशुरामला. नव्या मालकावर माझा काही आरोप नाही, आणि यंत्राला पापपुण्य नसते. पण त्रिस्सिनोत प्रक्रिया केंद्र होते, नळ होता, प्रयोगशाळा होती, अभियंते तर होतेच. तरी दशकानुदशके त्या रेणूचे नाव लोकांपर्यंत पोहोचले नाही. लोट्याचे प्रक्रिया केलेले पाणीही नळानेच दाभोळच्या खाडीकडे जाते. त्या खाडीवर भोई समाजाची पिढ्यानपिढ्यांची चूल आहे, आणि मेलेल्या माशांवरून त्यांनी आजवर केलेल्या तक्रारींची फाइल जाडजूड असेल. मासा मरतो तेव्हा निदान कळते तरी. पीएफओएसने मासा सहसा असा लगेच मरत नाही. ते त्याच्या रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसते आणि ताटात येते.

म्हणून मागणी अशी की पीएफएएस किंवा क्लोरिनयुक्त चिवट संयुगे असलेला प्रवाह सामाईक गटारात घ्यायचाच नाही. तो कारखान्याच्या आवारातच वेगळा करा, वेगळ्या टाकीत, वेगळ्या नळाने, आणि तिथेच त्याचा निकाल लावा. सीईटीपीच्या संचालक मंडळावर बहुधा कारखानदारच असतात, ते कुरकुरतील. तुम्ही तांत्रिक कारण लेखी दिलेत तर त्यांना ते फाइलीतून काढता येणार नाही.

गुप्ततेबद्दल थोडे. 'प्रोसेस कॉन्फिडेन्शियल आहे' म्हणून कारखाना तुम्हाला रेणूंची नावे देत नाही, हे मला अनेकांनी सांगितले. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती मूठ उद्या खाडीत उघडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर घातक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांच्या फाटकावर माहितीचे फलक लागले. ते स्थानिक भाषेतही असावेत असे ठरले होते. त्यातले कितीतरी फलक पावसाने पुसले गेले आहेत आणि ज्यांवर अक्षरे उरली त्यांवर वर्षानुवर्षे तेच आकडे आहेत. चिवट संयुगांची नावे आणि आउटलेटचे मोजमाप त्या फलकावर मराठीत लिहा. लोकांना काय कळणार, असे म्हणू नका. नोटीस वाचून वाचून खाडीकाठच्या लोकांना बीओडी म्हणजे काय हे कधीच कळून चुकले आहे.

तुमची बाजू मला दिसते. कंत्राट सर्वांत कमी बोलीला मिळते. मालक म्हणतो, 'कन्सेंटपुरते बसवून द्या.' जास्त सांगणारा सल्लागार पुढच्या कामाला बोलावला जात नाही. ऑपरेटरला रात्री ब्लोअर बंद करायला सांगितले जाते आणि सकाळी तपासणी असली की चालू करायला. हे सगळे खरे आहे. पण डॉक्टर औषध लिहिताना रोग्याच्या खिशाचा विचार करतो, म्हणून रोगाचे नाव बदलून लिहीत नाही. तुम्ही ते बदलून लिहिता आहात: चिवट संयुगाला 'सीओडी' म्हणता.

युरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यातल्या २० पीएफएएसच्या बेरजेला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि ती जानेवारी २०२६ पासून लागू झाली. आपल्याकडे कधी येईल ते येवो. तिकडचे उत्पादन इकडे सरकते आहे, हे तुम्हाला ऑर्डर बुकवरून माझ्याआधी कळते. कायदा येईपर्यंत उभारलेली प्रत्येक टाकी पुढची वीस-पंचवीस वर्षे तशीच चालणार आहे.

तुमच्या पुढच्या प्रकल्प अहवालात एक पान वाढवा. त्यावर आत येणाऱ्या प्रत्येक चिवट संयुगाचे नाव, रोजचे ग्रॅम, आणि त्यातले किती पाण्यात गेले, किती गाळात, किती कार्बनवर, किती मिठात आणि किती खरोखर मोडले, असा हिशेब लिहा. बेरीज जुळली पाहिजे. ज्या अहवालात ते पान नसेल त्यावर सही करू नका.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
जिल्हा रत्नागिरी